स्पीडगन कुठे उभी केली आहे, ते आधी बघा

मुंबई-गोवा महामार्गावरून घरी पोचल्यावर मोबाइलवर जास्त वेगाच्या चलानाचा मेसेज आला की बहुतेकांचा पहिला संशय स्पीडगनवर, म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या यंत्रावर असतो. गन बिघडलेली असणार, असं सरळ धरलं जातं. प्रत्यक्षात तपासलेली गन क्वचितच चुकते. चुकते ती उभं राहण्याची जागा, चुकतो तो कोन आणि सगळ्यात जास्त चुकतो तो नेम. वळणं, चढउतार, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे कोकणात या तिन्ही गोष्टी पठारावरच्या सरळ रस्त्यापेक्षा अवघड होतात. म्हणून मोजणी कशी होते ते नीट समजून घेणं गाडी चालवणाऱ्याच्या आणि गन धरणाऱ्याच्या, दोघांच्याही उपयोगाचं आहे.

आधी कायद्यातली एक गोष्ट. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १८३ वेगमर्यादा ओलांडण्याबद्दल आहे. त्याच्या तिसऱ्या पोटकलमात म्हटलंय की एकाच साक्षीदाराला गाडी जोरात वाटली, एवढ्यावर कुणाला दोषी धरता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने काढलेल्या अंदाजावर आधारलेलं असावं लागतं. म्हणजे हवालदाराचा अनुभव कितीही दांडगा असला तरी आकडा यंत्राचाच लागतो, आणि तो आकडा कसा आला हे दाखवता यावं लागतं. पुढचं सगळं याच 'दाखवता यावं' भोवती फिरतं.

स्टॉपवॉचची जुनी पद्धत पाहिली की यंत्र का लागलं ते कळतं. रस्त्यावर ५० मीटर अंतराने दोन पट्टे मारायचे आणि गाडीचं चाक पहिल्या पट्ट्यावरून दुसऱ्यावर जायला लागलेला वेळ घ्यायचा. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२.२ मीटर जाते, म्हणजे हे अंतर सव्वादोन सेकंदांत संपतं. बटण दाबण्यात ०.२ सेकंदाची गडबड झाली की ८० चे जवळजवळ ८८ होतात. पट्ट्यांमधलं अंतर १०० मीटर केलं की तीच गडबड ८४ च्या आसपास थांबते. अंतर वाढवलं की चूक आटोक्यात येते, हे तत्त्व लक्षात ठेवा. घाटाचा विषय निघेल तेव्हा ते पुन्हा लागेल.

आता रडार. कोकण रेल्वेची गाडी छोट्या स्टेशनातून न थांबता हॉर्न देत गेली की समोरून येताना सूर चढा लागतो आणि पुढे निघून गेल्यावर एकदम उतरतो. रडार गन हेच मोजते, फक्त आवाजाच्या जागी रेडिओ लहरी असतात. के बँड नावाच्या पट्ट्यात चालणारी गन २४.१२५ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडते. गाडीवर आपटून परत येताना त्यांची कंपनसंख्या बदलते, आणि हा बदल वेगाच्या दर ताशी किलोमीटरला सुमारे ४४.७ हर्ट्झ असतो. ८० चा वेग असेल तर साडेतीन हजार हर्ट्झपेक्षा थोडा जास्त. हा फरक कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात असल्यामुळे बऱ्याच रडार गनमध्ये तो स्पीकरवर ऐकवतात. सूर स्वच्छ आणि एकसारखा असेल तर रीडिंग धरायचं, खरखरत वरखाली होत असेल तर सोडून द्यायचं.

रडारची अडचण म्हणजे किरणाची रुंदी. साधारण १२ अंशांचा शंकू धरला तर १०० मीटरवर तो २१ मीटर रुंद होतो. चौपदरी रस्त्याच्या दोन्ही बाजू त्यात येतात. पुढे छोटी कार आणि मागून डंपर येत असेल तर डंपरचा मोठा सपाट पत्रा जास्त लहरी परत पाठवतो, आणि आकडा कुणाचा हा वाद उभा राहतो. शिवाय गन गाडीत बसवली असेल तर एसीच्या ब्लोअरची फिरती पाती आणि वायपरसुद्धा खोटी रीडिंग देऊ शकतात. रडार वापरायचा तर मोकळ्या रस्त्यावर, एका वेळी एकच गाडी टप्प्यात असताना. गणपतीच्या आदल्या चार दिवसांत पेण-माणगाव भागात ज्या रांगा लागतात, तिथे रडार कुचकामी आहे.

पोलिसांच्या इंटरसेप्टर, म्हणजे वेग तपासणाऱ्या गस्तीच्या गाड्यांमध्ये दिसते ती लेसर गन. हिचं गणित वेगळं. ही कंपनसंख्या मोजत नाही, अंतर मोजते. साधारण ९०५ नॅनोमीटरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे अतिशय छोटे झोत सोडायचे आणि प्रत्येकाला जाऊन परत यायला किती वेळ लागला ते बघायचं. ३०० मीटरवरच्या गाडीपर्यंत जाऊन यायला प्रकाशाला दोन मायक्रोसेकंद लागतात. एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे अंतरात १५ सेंटीमीटर. एकदा घोडा दाबला की साधारण एक तृतीयांश सेकंदात गन अशी अनेक अंतरं घेते, त्यांतून रेषा बसवते आणि रेषेच्या उतारावरून वेग काढते. अंतरं रेषेत बसली नाहीत तर आकडा न दाखवता एरर दाखवते. हा तिचा मोठा गुण आहे. शंका आली की ती बहुधा गप्प राहते.

किरणही अरुंद असतो. सुमारे तीन मिलिरेडियन (हे कोनाचं बारीक माप), म्हणजे ३०० मीटरवर साधारण एक मीटरभर रुंदीचा ठिपका. त्यामुळे दोन गाड्या शेजारी असल्या तरी एक वेगळी काढता येते. पण अट अशी की ठिपका त्या एक तृतीयांश सेकंदात गाडीच्या एकाच भागावर टिकला पाहिजे. नेम धरायचा तो नंबर प्लेटवर किंवा हेडलाइटवर, कारण हे भाग सपाट असतात आणि प्रकाश चांगला परत पाठवतात. काच आणि तिरकं बॉनेट टाळायचं.

इथे एक खरीखुरी चूक होऊ शकते. हात हलला आणि ठिपका नंबर प्लेटवरून सरकत काचेकडे गेला, तर मधलं दीड मीटर अंतर गन गाडीच्या चालीत मिसळते. ०.३ सेकंदात दीड मीटर म्हणजे ताशी १८ किलोमीटर. येणाऱ्या गाडीवर ठिपका पुढून मागे सरकला तर वेग कमी दिसतो, मागून पुढे सरकला तर जास्त. बसच्या किंवा कंटेनरच्या लांब कुशीवरून ठिपका घसरला तर फरक आणखी मोठा होतो. चांगल्या गनचं सॉफ्टवेअर यातली बरीच रीडिंग फेटाळून लावतं, पण त्याच्या भरवशावर राहायचं नसतं. ट्रायपॉड वापरायचा, निदान कोपर गाडीच्या दारावर टेकवायचं, आणि गाडी पूर्ण समोरून दिसत असतानाच घोडा दाबायचा. लांब वाहनाची कूस दिसायला लागली म्हणजे ती वेळ टळून गेली.

दुचाकीचं वेगळंच आहे. समोर सपाट भाग कमी, प्लेट लहान, त्यामुळे कारइतक्या अंतरावरून रीडिंग येत नाही. हेडलाइटवर नेम धरून जवळ येऊ द्यावी लागते, किंवा पुढे गेल्यावर मागच्या प्लेटवर मोजावं लागतं. नव्या हाय सिक्युरिटी प्लेट प्रकाश परावर्तित करतात, त्याचा इथे चांगला उपयोग होतो.

कोनाचा मुद्दा रडार आणि लेसर दोघांनाही लागू आहे. गन फक्त आपल्या दिशेने होणारी चाल मोजते. गाडी तिरकी जात असेल तर खऱ्या वेगाला त्या कोनाच्या कोसाइनने गुणून जे येईल ते दिसतं. खरा वेग ८० असेल तर १० अंशांवर ७८.८, २० अंशांवर ७५.२ आणि ३० अंशांवर ६९.३. थांबलेल्या गनबाबत ही चूक नेहमी चालकाच्या फायद्याची असते. त्यामुळे 'पोलीस बाजूला तिरके उभे होते, म्हणून वेग जास्त आला' हा युक्तिवाद टिकत नाही. तिरकं उभं राहिल्याने वेग कमीच येतो.

व्यवहारात बघायचं तर चौपदरी रस्त्याच्या डाव्या कडेला ट्रायपॉड आहे आणि गाडी दुभाजकालगतच्या लेनमधून येतेय, मधलं आडवं अंतर नऊ मीटर. गाडी १५० मीटरवर असताना ८० चे ७९.९ दिसतात, ५० मीटरवर ७८.७. म्हणून लांबून मोजायचं. ओव्हरब्रिजवरून खाली मोजतानाही हेच गणित, फक्त कोन उभा.

रडार चालत्या पोलीस गाडीत बसवलेला असेल तर मात्र बाजू उलटू शकते. तो समोरून येणाऱ्या गाडीचा एकत्रित वेग मोजतो आणि त्यातून स्वतःच्या गाडीचा वेग वजा करतो. स्वतःचा वेग तो आजूबाजूच्या जमिनीवरून परतलेल्या लहरींवरून काढतो. त्या लहरी एखाद्या तिरक्या कठड्यावरून आल्या आणि ६० च्या जागी ५६ धरले गेले, तर उरलेले चार समोरच्याच्या खात्यात जातात. म्हणून या पद्धतीत रडारने दाखवलेला गस्तीच्या गाडीचा वेग त्याच क्षणी तिच्या स्पीडोमीटरशी ताडून बघणं गरजेचं आहे. साधी लेसर गन तर थांबलेल्या जागेवरूनच वापरायची.

हे सगळं आपल्या रस्त्यांवर आणून बघू. पळस्पे ते पत्रादेवी या पट्ट्यात लेसरला हवा तसा ३००-४०० मीटरचा सरळ, झाडाझुडपांशिवायचा तुकडा शोधावा लागतो. चौपदरीकरण झालेल्या भागात तो मिळतो. परशुराम घाटात किंवा आंबोलीला जाताना मिळत नाही. वळणावर गाडीचा कोन सतत बदलतो, त्यामुळे रीडिंग खऱ्यापेक्षा कमी येतं आणि अनेकदा एररच येतो. शिवाय वळणाच्या तोंडावर गन घेऊन उभं राहिलं की चालक अचानक ब्रेक दाबतो, आणि ओल्या उतारावर मागचा ट्रक त्याला येऊन भिडण्याची भीती असते. मोजणीची जागा अशी हवी की पोलीस लांबून दिसला तरी चालेल, पण त्याला पाहून कुणाला दचकून ब्रेक मारावा लागू नये. लपून मोजणं मला पटत नाही. वेग कमी व्हायला हवा तो गावाच्या फाट्याच्या आधी, आणि तिथे वर्दी दिसणंच जास्त कामाचं.

फाट्याचं महत्त्व एका हिशेबात कळेल. ओल्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.४ आणि चालकाला भानावर यायला दीड सेकंद धरला, तर ८० वरून गाडी थांबायला सुमारे ९६ मीटर लागतात, ६० वरून सुमारे ६०. हा ३६ मीटरचा फरक म्हणजे शाळेपासून एसटीच्या थांब्याकडे रस्ता ओलांडणारी मुलं वाचणं किंवा न वाचणं.

घाटासाठी खरा उपाय सरासरी वेगाचा. टप्प्याच्या सुरुवातीला एक कॅमेरा, शेवटी दुसरा, दोन्हीकडे नंबर प्लेट टिपायची आणि अंतराला वेळेने भागायचं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून सुरू झालेल्या वाहतूक व्यवस्थापन यंत्रणेत ही पद्धत आहे. हिला वळणाची, उताराची आणि कोनाची पर्वा नसते. कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून उपयोग होत नाही. स्टॉपवॉचचं तत्त्व इथे फळतं: दोन किलोमीटरच्या टप्प्याला ८० च्या वेगाने ९० सेकंद लागतात, त्यामुळे दोन घड्याळांत अख्ख्या एका सेकंदाचा फरक असला तरी चूक ताशी एक किलोमीटरच्या आतच राहते. दोन अटी मात्र कडक पाळायला हव्यात. दोन्ही घड्याळं एकाच प्रमाणवेळेला सतत जुळवलेली असावीत. आणि अंतर गाडी आतल्या बाजूने जितक्या कमीत कमी रस्त्याने जाऊ शकते तितकंच धरावं, म्हणजे चूक झालीच तर चालकाच्या बाजूने होईल. मध्ये फाटा नसलेला कशेडीच्या बोगद्यासारखा भाग याला अगदी योग्य आहे.

पावसाळ्यात लेसरची ताकद घटते. अवरक्त प्रकाश थेंबांत आणि धुक्यात विखुरतो. एरवी चारशे मीटरवर मिळणारं रीडिंग जवळ आल्याशिवाय मिळत नाही, दाट धुक्यात मिळतच नाही. खोटा आकडा येण्यापेक्षा आकडा न येणं इथे जास्त घडतं. गाडीच्या काचेआडून मोजलं तर टप्पा आणखी कमी होतो, पाण्याचे ओघळ असले तर फारच. रडार पावसात लेसरपेक्षा बरा चालतो.

आणि एक खास किनाऱ्यावरचा त्रास. एसीत गार झालेली गन मे महिन्याच्या दमट हवेत बाहेर काढली की लेन्सवर लगेच वाफ धरते. टप्पा कोसळतो आणि मग लेन्स शर्टाच्या टोकाने पुसली जाते. खाऱ्या वाऱ्यातले मिठाचे कण आणि जांभ्याची लाल धूळ काचेवर घासली जाऊन बारीक ओरखडे पडतात, ते कायमचे. बरोबर रीत अशी: गन पेटीतच ठेवून काही मिनिटं बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायची, धूळ आधी हवेच्या फुग्याने उडवायची आणि मगच लेन्सच्या कापडाने पुसायची. बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढतो, तोही नियमित बघावा लागतो. व्होल्टेज पडलं की गन मध्येच बंद होते.

ड्यूटी सुरू करताना लेसर गनच्या तपासण्यांना दहा मिनिटंही लागत नाहीत. सुरू केल्यावर यंत्राची स्वतःची चाचणी आणि डिस्प्लेचे सगळे खंड पेटतात का ते पाहायचं. मग नेमाची जुळणी: मोकळ्या आकाशासमोरच्या विजेच्या खांबावरून गनमध्ये दिसणारा नेमाचा लाल ठिपका आडवा फिरवायचा. ठिपका खांबाला लागताच अंतर दिसलं पाहिजे आणि सुटताच गेलं पाहिजे. उभी जुळणीही आडव्या कडेवर अशीच. ही तपासणी आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाची, कारण खड्ड्यांतून धक्के खात फिरलेल्या गनचा नेमाचा ठिपका आणि प्रत्यक्ष लेसर किरण यांची फारकत होऊ शकते. पाच मिलिरेडियनची फारकत म्हणजे २०० मीटरवर एक मीटर. नेम एका गाडीवर आणि आकडा शेजारच्या दुचाकीचा, असं त्यातून घडतं. शेवटी टेपने मोजून खुणा केलेल्या दोन अंतरांवर, समजा ३० आणि ६० मीटरवर, भिंत किंवा पाटी मोजायची. दोन्ही अंतरं आणि त्यांतला फरक बरोबर आला पाहिजे, आणि स्थिर भिंतीचा वेग शून्य. हे सगळं वेळेसह नोंदवहीत लिहिलेलं असलं की कोर्टात कुणाला बोलायला जागा राहत नाही. रडारची अशीच तपासणी ठरावीक सुराच्या ट्युनिंग फोर्कने होते.

वार्षिक तपासणी वेगळी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७अ प्रमाणे उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. रडारवर चालणाऱ्या उपकरणांना १ जुलै २०२५ पासून वैधमापनाच्या नियमांखाली पडताळणी आणि शिक्काही लागू झाला, जसा दुकानातल्या वजनकाट्याला असतो. तोच नियम १६७अ उपकरणाच्या आधी सूचनाफलकही मागतो. कलम ११२ खाली राज्याने एखाद्या रस्त्यावर वेगमर्यादा कमी केली तर तिथेही फलक लावणं हा त्या मर्यादेचाच भाग आहे. श्रावणात रानवेलींनी झाकलेला '४०' चा फलक हा पोलिसांच्या केसमधला खरा कच्चा दुवा असतो. तो साफ करून घेणं गनच्या कॅलिब्रेशनइतकंच गरजेचं.

चालकांनी स्वतःच्या स्पीडोमीटरबद्दलही एक जाणून घ्यावं. तो मुद्दाम थोडा जास्त दाखवेल असाच बनवतात, त्यामुळे काट्यावर ८० असताना खरा वेग बहुधा त्याहून कमी असतो. गन आणि काटा यांत थोडा फरक येणं स्वाभाविक आहे. पण मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर गणित फिरतं. घेर ३ टक्क्यांनी वाढला की काट्यावरच्या ८० ला जवळजवळ अडीच किलोमीटर जास्त वेग पडतो.

चलान आलंच तर दंडाची रक्कम नंतर, फोटो आधी उघडा. कायद्यात हलक्या वाहनाला १ हजार ते २ हजार आणि मध्यम-जड वाहनाला २ हजार ते ४ हजार रुपये दंड आहे. नियम १६७अ मध्ये नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांत पाठवायची आणि सोबत नंबर प्लेट दिसणारा फोटो, यंत्राचं मोजमाप, तारीख, वेळ आणि जागा द्यायची, असं आहे. फोटोत लेसरची फुली, म्हणजे नेम धरल्याची खूण, कुठे आहे ते बघा. तुमच्या गाडीच्या पुढच्या किंवा मागच्या भागावर ती स्पष्ट हवी. अंतर लिहिलेलं असेल तर फोटोतली गाडी तेवढी लांब दिसते का बघा. मग नंबर एकेक अक्षराने वाचा. चिखलाने माखलेल्या प्लेटवर रात्री रायगडचा एमएच ०६ आणि रत्नागिरीचा एमएच ०८ यांत गल्लत होणं अवघड नाही. गाडीचा रंग आणि मॉडेल जुळत नसेल तर उत्तर तिथेच मिळतं. तक्रार महाट्रॅफिक ॲपवरून करता येते. तिथे 'मी एवढ्या वेगात नव्हतो' असं लिहून काही होत नाही. फुली दुसऱ्या वाहनावर आहे, नंबर चुकीचा वाचलाय, किंवा त्या ठिकाणी मर्यादेचा फलक दिसत नव्हता आणि हा त्याच आठवड्यातला फोटो, असं नेमकं लिहा आणि चलानाचा क्रमांक जोडा.